बेचाळीस मुक्काम

म्हैसूरच्या शिवरामपेटेत दत्तोजीराव जिनगर पुस्तकं बांधायचे. दुकान असं वेगळं नव्हतंच. घरापुढची जगली, म्हणजे दगडी ओटा, तेच दुकान. एका अंगाला पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, दुसऱ्या अंगाला खळीचं मडकं, आणि मध्ये मांडी घालून दत्तोजीराव. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या शिलेदारांच्या घोड्यांची खोगिरं शिवत. पुढे घोडी कमी झाली, खोगिरांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा आजोबांनी तीच रापी आणि तीच आरी पुस्तकांकडे वळवली. कातडं तेच, दोरा तोच. पुस्तक लाथ मारत नाही एवढाच फरक, असं आजोबा म्हणत.

दत्तोजीरावांना कानडी वाचता येई, बाळबोध आणि मोडीही येई. इंग्रजी मात्र अक्षर येत नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटे. कचेरीची, शाळांची, वकिलांची पुस्तकं सगळी इंग्रजी. त्यांची पाठ बांधायची, सोन्याची अक्षरं उठवायची, आणि आत काय आहे ते ठाऊक नाही. म्हणून इंग्रजी जाणणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मोठा आदर होता, आणि असा माणूस शेजारीच राहत होता. जगन्नाथराव मास्तर. तीस वर्षं इंग्रजी शिकवून पेन्शनीत निघालेले. अंगात कोट, डोक्यावर पांढरं पागोटं, आणि बोलताना डावा हात पाठीमागे.

कन्नंबाडीला कावेरीवर धरण बांधायला घेतलं त्याला दोनेक वर्षं झाली होती. एका आषाढातल्या सकाळी त्या कामावरचा एक ओव्हरसियर घाईघाईनं जगलीपाशी आला. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"दत्तोजीराव तुम्हीच ना? मी सामाजी झिराडकर. लष्कर मोहल्ल्यात राहतो. हे पुस्तक बांधून हवंय."

त्याचं मराठी ऐकून दत्तोजीराव क्षणभर बघतच राहिले. हे म्हैसूरचं मराठी नव्हतं, कोकणातलं होतं.

"मुंबईत जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं," सामाजी म्हणाला. "बाबांसाठी घेतलं. आधी मीच वाचावं म्हणून धरणावरच्या तंबूत नेलं, आणि पुराच्या रात्री तंबू गळला. पाठ सुटली. बायकोनं फर्मे, हे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, उन्हात वाळवले, पण गोळा करताना सगळे उलटेपालटे झालेत. आमचं धर्मशास्त्र आहे हो. आम्ही बेने इस्राएल."

"म्हणजे?"

"यहुदी. ज्यू म्हणतात तेच. तुमच्यासारखेच मराठी, पण देव एकच आणि शनिवारी सुट्टी." तो हसला. "पुढच्या शुक्रवारी दुपारी येईन. आमचा शनिवार शुक्रवारच्या सांजेलाच लागतो, त्याच्या आत बाबांच्या हातात पडलं पाहिजे. निघू? धरणावर जाणारी गाडी चुकेल."

आणि तो गेलाही. दत्तोजीरावांनी गाठोडं सोडलं. जाड, चांगला विलायती कागद. एका पानावर इंग्रजी, समोरच्या पानावर कुठलीशी चौकोनी अक्षरं. अक्षरांच्या खाली-वर बारीक ठिपके आणि रेघा, जणू कुणी रांगोळी काढता काढता उठून गेलं होतं.

भागीरथीबाई, त्यांची बायको, आतून आली. घरातली जुजबंदीची शिलाई तीच करायची. फर्म्याच्या घडीतून सुई घालून एकेक फर्मा दुसऱ्याला जोडणं हे तिचं काम, आणि तिच्या हाताची शिलाई वीस वर्षांत उसवली नव्हती.

"हे काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"यहुदी लोकांचं शास्त्र म्हणे. फर्मे लावून घ्यायला मास्तरांना बोलावतो."

मास्तर आले. चष्मा पुसून त्यांनी एक फर्मा उचलला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हे तर माझ्या ओळखीचं! मिशनच्या कॉलेजात पाद्री रोज सकाळी शिकवायचा. त्यांच्या पवित्र पुस्तकाचा पहिला भाग हाच. जग सहा दिवसांत कसं झालं, ते सगळं." त्यांनी पानांचे इंग्रजी आकडे बघून भराभर फर्मे लावले. मग एक फर्मा उघडून ते थांबले. "गंमतच आहे. आतले आकडे उलटे जातात. डावीकडून उघडलं की आधी सोळा, मग पंधरा, असं करत एक."

दत्तोजीराव जरा चाचरत म्हणाले, "मास्तर, मोहल्ल्यातली फारसी किताबं मी बांधलीत. ती उजवीकडून उघडतात. हेपण तसंच असंल काय की?"

"छे छे. लंडनमध्ये छापलेलं पुस्तक आहे हे. नाव इंग्रजीत, आकडे इंग्रजीत. इंग्रजी पुस्तक इंग्रजी पुस्तकासारखंच उघडणार. घडी घालणाऱ्यानं चूक केली आहे. तुम्ही घड्या कापा, पानं सुटी करा आणि एक-दोन-तीन अशी सरळ लावा. वाचणाऱ्याला काही अडायचं नाही."

आता तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस असं सांगतो म्हटल्यावर दत्तोजीराव काय बोलणार? मास्तर घरी गेले. दत्तोजीरावांनी पहिला फर्मा फळीवर ठेवला, पट्टी लावली आणि रापीनं घडी कापली. सोळा पृष्ठांचा फर्मा, त्याची आठ सुटी पानं झाली. आवाज नेहमीसारखाच झाला, कागद फाटताना होतो तसा, पण त्यांना तो बरा वाटला नाही.

दुसऱ्या फर्म्याला हात घालणार इतक्यात भागीरथीबाई म्हणाली, "अय्यो, थांबा जरा. हे बघा."

तिनं तीन-चार फर्मे उचलून उजेडात धरले होते. "पहिल्या शिलाईची भोकं ह्या घडीत हाईत. एकदा नाही, दोनदा शिवलेलं पुस्तक आहे हे, आणि दोन्ही वेळेला इथंच. आणि हे डाग बघा, बोटांचे. वाचणारा थुंकी लावून पान उलटतो, तिथं डाग पडतो. आपल्या बुकांना उजव्या कोपऱ्यात असतो. ह्याला सगळे डाव्या कोपऱ्यात. कुणीतरी हे पुस्तक कैक वर्षं उजवीकडून उघडून वाचलंय."

दत्तोजीरावांनी पान नाकाशी नेलं. डाग होते. पिवळट, अंगठ्याएवढे, पानामागून पान. कुणा अनोळखी माणसाचा अंगठा तिथे वर्षानुवर्षं फिरला होता.

"मास्तर इंग्लिश बुक असंच असतं करून बोलले," ते हळूच म्हणाले.

"मास्तरांना इंग्लिश कळतं, सरी, मान्य. कागद तुम्हाला कळतो की नाही?"

कापलेली आठ पानं दत्तोजीरावांनी एका स्वच्छ कागदात गुंडाळली. रापी धुऊन ठेवली. मग सगळे फर्मे पुन्हा फडक्यात बांधले आणि शेजारी जाऊन म्हणाले, "मास्तर, मी लष्कर मोहल्ल्यात जातो. त्या सामाजींच्या वडलांना विचारून येतो. तुम्हीपण चला. मला तिथं बोलायला जमायचं नाही."

मास्तरांना ते आवडलं नाही. पण मनाला कुठेतरी शंका शिवली असावी. त्यांनी पागोटं चढवलं.

झिराडकरांचं घर बसकं, कौलारू. दाराच्या चौकटीला उजवीकडे एक लहानशी पितळी नळी तिरपी ठोकलेली होती, आत त्यांच्या शास्त्रातल्या ओळींची गुंडाळी असलेली. सामाजींची बायको रिबकाबाई दारात आली. काठाचं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या. तिनं पाहुण्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि हाक मारली, "बाबा, पुस्तकवाले आलेत."

एलोजीबाबा बाहेर आले. साठी उलटून गेलेली, पण पाठ ताठ. मिशा पांढऱ्या, पल्टणीच्या धाटणीच्या. हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली होती, तरी चालताना पाऊल मोजून पडायचं. त्यांनी गाठोडं पाहिलं आणि आधी उजव्या हाताची बोटं त्याला लावून ओठांना लावली.

दत्तोजीरावांनी सगळं सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. "बाबा, माझ्या हातून चूक झाली. पहिल्या फर्म्याची घडी मी कापली. तुमचं शास्त्र आहे. मला क्षमा करा."

जगन्नाथराव खाकरले. डावा हात पाठीमागून पुढे आला. "चूक त्यांची नाही. कापा म्हणून मी सांगितलं."

एलोजीबाबांनी ती आठ पानं मांडीवर घेतली. बराच वेळ बघितली.

"अक्षर एकही तुटलं नाही," ते शेवटी म्हणाले. "आमच्यात पान फाटलं, वाचण्याजोगं राहिलं नाही, तर टाकत नाहीत, जाळत नाहीत. माणसाला पुरतात तसं पुरतात. देवाचं नाव असतं ना त्यात. पण हे तसं नाही. ह्याला जखम झालीय. बरी होईल?"

"होईल," दत्तोजीराव पटकन म्हणाले. "तलम कागदाची पट्टी आतून लावून पान पानाला जोडतो. शिवता येईल."

"मग झालं तर. आणि उघडायचं उजवीकडून." त्यांनी एक फर्मा घेऊन उघडून दाखवला. अंगठा आपोआप डाव्या कोपऱ्यात गेला. जगन्नाथरावांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"पाद्र्यांचं पुस्तक डावीकडून उघडतं," ते म्हणाले. "मला वाटलं, हे तेच."

"पाद्री आमच्या कोकणात पण आले होते," एलोजीबाबा म्हणाले. "चांगली माणसं. शाळा काढल्या. मराठीत छापलेलं शास्त्र दिलं. माझ्या बापानं ते घेतलं, पण म्हणायचा, एलोजी, घर आपलं आहे, पण सामान त्यांनी त्यांच्या सोयीनं लावलंय. सामाजी सांगतो, ह्या पुस्तकातलं इंग्रजी आमच्याच विद्वानांनी केलंय. विलायतेत आमची पोरं शाळेत इंग्रजी शिकतात आणि हिब्रू, ही आमची शास्त्राची भाषा, विसरतात, म्हणून समोरासमोर दोन्ही. ज्याला जे येतं त्यानं ते वाचावं आणि दुसरीकडे डोळा ठेवावा." ते थांबले. "मला दोन्ही येत नाही म्हणा ना. हिब्रू वाचता येतं, पण अर्थ येत नाही."

मास्तर चकित झाले. "अर्थ येत नाही? मग वाचता कसे?"

"लहानपणी आमच्या गावात कोचीनचा एक गुरू आला होता. त्यानं अक्षर शिकवलं आणि तीन-चार पाठ घोकून घेतले. अर्थ त्याला मराठीत सांगता येईना, आणि आम्हाला त्याची भाषा येईना. मोशे, अहरोन, मिसरातून सुटका, ह्या गोष्टी आईनं सांगितलेल्या. पण मी म्हणतो ती ओळ नेमकी काय म्हणते, ते मला आजवर ठाऊक नाही."

असं म्हणता म्हणता त्यांचा हात फर्म्यांवरून फिरत होता. एका फर्म्याशी तो थांबला. पानाच्या मांडणीवरूनच त्यांनी ते ओळखलं असावं.

"हा बघा. हा माझा पाठ."

आणि ते म्हणू लागले. आवाज जाड, पण सूर पक्का. दत्तोजीरावांना एकही शब्द कळत नव्हता, तरी थोड्याच वेळात ताल कळला. दोन शब्द सारखे येत होते. वय्यिसऊ, मग एक नाव, मग वय्यहनू, मग दुसरं नाव. पुन्हा वय्यिसऊ. जात्याचा खुंटा फिरावा तसं. रिबकाबाई खांबाला टेकून ऐकत होती.

म्हणून झाल्यावर एलोजीबाबा म्हणाले, "पन्नास वर्षं म्हणतोय. पल्टणीत पहाऱ्यावर म्हटलंय, आजारात म्हटलंय. एवढं गोड आहे म्हणजे देवाची मोठी स्तुती असणार. सामाजी म्हणाला, बाबा, रजा मिळाली की वाचून सांगतो. पण कावेरीला पूर आहे, त्याला कुठली रजा? मास्तर, तुम्ही आलाच आहात तर समोरचं इंग्रजी वाचून सांगाल?"

जगन्नाथरावांनी पान घेतलं. वाचलं. पुढचं पान वाचलं. त्यांचा चेहरा जरा पडला.

"काय आहे?" एलोजीबाबांनी विचारलं.

"बाबा, स्तुती नाही ही." मास्तर अवघडून म्हणाले. "यादी आहे. मिसर देशातून निघाल्यापासून तुमचे लोक कुठेकुठे थांबले, त्याची. अमुक ठिकाणाहून निघाले, तमुक ठिकाणी तळ दिला. तिथून निघाले, पुढे तळ दिला. बेचाळीस मुक्काम आहेत. बाकी विशेष काही नाही."

पन्नास वर्षं जपलेली वस्तू, आणि आत निघाली यादी. ह्यापेक्षा मास्तर खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं दत्तोजीरावांना वाटून गेलं.

एलोजीबाबा मात्र पुढे झुकले होते. "निघाले आणि तळ दिला?"

"होय."

"वय्यिसऊ, निघाले. वय्यहनू, तळ दिला." त्यांनी दोनदा म्हटलं. मग मांडीवर थाप मारून ते मोठ्यानं हसले. "रिबका, ऐकलंस? कूच आहे ही! पल्टणीची कूच! अरे, मी पहाऱ्यावर हेच म्हणत होतो आणि मला ठाऊक नाही! मास्तर, सगळं वाचा. एकही मुक्काम गाळू नका."

मास्तर वाचू लागले. वाचायचं इंग्रजीत, सांगायचं मराठीत. आधी नुसतं उरकत होते. पण म्हातारा प्रत्येक मुक्कामाला अडवायचा. इथे पाणी होतं का? लिहिलंय का काही? एका ठिकाणी बारा झरे आणि सत्तर खजुराची झाडं होती. "मोजली बघा त्यांनी! थकलेला माणूसच झाडं मोजतो." एका ठिकाणी लोकांना प्यायला पाणी नव्हतं. "हे लिहिलं? बरं केलं. आमच्या साहेबानं कधी लिहिलं नाही." मास्तरांचा आवाज हळूहळू बदलला. ते नावं सावकाश घेऊ लागले, वर्गात कवितेची ओळ घ्यावी तशी.

मग ते एका ओळीशी थांबले. "होर नावाच्या डोंगरापाशी तळ दिला. तिथे अहरोन डोंगरावर चढला आणि वारला. पाचव्या महिन्याची पहिली तारीख. वय एकशे तेवीस. मग पुढे पुन्हा, तिथून निघाले."

"अहरोन. मोशेचा थोरला भाऊ," एलोजीबाबा म्हणाले. "त्याचं नाव येतं ते मला कळायचं. वाटायचं, त्याचीही स्तुतीच असेल." त्यांचं हसू ओसरलं होतं. "इथे तो मरतो होय."

मग ते आपणच बोलू लागले. "ऐंशी साली आमची पल्टण कंदाहारला निघाली. सिबीपर्यंत आगगाडी, पुढे बोलन खिंडीतून पायी. किरता. बीबी नानी. मच. सर-इ-बोलान. माझा चुलतभाऊ हसाजी माझ्याच कंपनीत. मचला त्याला पटकी झाली. दुपारी झाली, सांजेला गेला. सकाळी बिगूल वाजला आणि आम्ही निघालो. दप्तरात त्या दिवशी काय लिहिलं? मचहून निघाले, सर-इ-बोलानला पोचले. हसाजीचं नाव नाही. मी स्वतः पाहिलं होतं, हवालदार झाल्यावर." त्यांनी त्या चौकोनी अक्षरांवर बोट ठेवलं. "आणि इथे बघा. एवढी घाईची यादी, बेचाळीस मुक्काम उरकायचे, पण तेवढ्यात कुणीतरी थांबून लिहिलं. इथे आमचा माणूस गेला. तारीख अशी, वय एवढं."

रिबकाबाईनं पदर डोळ्यांना लावला. हसाजीचं नाव त्या घरात आधी कुणी काढलं नसावं.

जगन्नाथरावांनी उरलेले मुक्काम वाचून पुरे केले. शेवटचा तळ नदीकाठच्या मैदानात, पलीकडे जायचं बाकी. मग पान मिटून ते म्हणाले, "बाबा, कॉलेजात हे पुस्तक मी तीन वर्षं शिकलो. पाद्री हा अध्याय सोडून पुढे जायचा. आणि शिकवताना मीही सोडलाच असता."

"पुढच्या शनिवारी या," एलोजीबाबा म्हणाले. "माझे अजून तीन पाठ आहेत."

दत्तोजीरावांनी आठवडाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. कापलेल्या पानांना त्यांनी इतकी तलम पट्टी लावली की बोटाला कळू नये. फर्मे पुन्हा लावले. ह्या वेळी मास्तर जवळ बसून आकडे सांगत होते आणि मध्येच विचारत होते, "बरोबर ना, दत्तोजीराव?" भागीरथीबाईनं जुन्याच भोकांतून जुजबंदी घातली. पाठीला तपकिरी कातडं, पुठ्ठ्यांना काळं कापड. शुक्रवारी दुपारी सामाजी धरणावरून आला, चिखलानं माखलेला. पुस्तक उजवीकडून उघडून त्यानं पहिला फर्मा निरखला. बाबांनी त्याला निरोप धाडून सांगितलं होतं, तरी जोड त्याला सापडेना. त्यानं दोन्ही हात जोडले आणि सांज व्हायच्या आत पुस्तक घरी नेलं.

जगन्नाथराव त्या शनिवारी गेले. मग पुढच्याही. सामाजी असला की तो इंग्रजी वाची आणि मास्तर वाद घालत. नसला की मास्तर वाचत आणि एलोजीबाबा वाद घालत. एका शब्दावरून तिघांचं एकदा महिनाभर चाललं होतं. पाद्र्यानं शिकवलेला अर्थ वेगळा, ह्या पुस्तकातला वेगळा, आणि बाबांच्या आईच्या गोष्टीतला तिसराच. मास्तर म्हणायचे, तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, वाचायला आता शिकतोय.

दत्तोजीराव कधीकधी त्यांच्याबरोबर जात. पण त्यांच्या डोक्यात एक निराळीच गोष्ट घोळत राहिली. आपले लोक पण घोड्यांच्या मागून चालत इथवर आले. कुठून, कसे, कुठेकुठे थांबत? बापाला विचारायचं राहून गेलं होतं. शेवटी एका रविवारी ते गावातच नजरबादला गोदावरीबाईंकडे गेले. त्या त्यांच्या वडलांच्या बहीण, ऐंशीच्या घरातल्या, दिसत कमी होतं पण बोलणं खणखणीत.

"आत्या, आपण साताऱ्याहून आलो म्हणतात. वाटेत कुठं कुठं तळ पडला, तुला ठाऊक आहे काय?"

"मला ठाऊक नसायला काय झालं? माझी आजी दळताना म्हणायची." आत्या जरा डुलल्या, सूर शोधला आणि बोटांवर मोजत सांगू लागल्या. "साताऱ्याहून मिरज. मिरजेहून बागलकोट. मग गजेंद्रगड. तिथं आपल्या घराण्यातली एक बाई बाळंत झाली, पल्टण थांबली नाही, ती मागून गाडीतनं आली. मग रायदुर्ग. रायदुर्गाहून शिरे."

"मुलगी झाली की मुलगा?"

"मुलगी. तुंगा नाव ठेवलं. पुढं नदी लागणार होती म्हणून."

"आणि शिऱ्याच्या पुढं?"

आत्या आठवू लागल्या. ओठ हलत होते, पण नाव येईना. "पुढं एक गाव होतं. तिथली विहीर खारी होती एवढं येतं. गावाचं नाव गेलं बघ, दत्तू. तू आधी यायचं होतंस."

दत्तोजीरावांनी खिशातून कागद आणि शिसपेन्सिल काढली. त्यांनी साताऱ्यापासून सुरुवात केली, गजेंद्रगडाच्या पुढे तुंगाचा जन्म लिहिला, शिरे लिहिलं. त्याखाली एक ओळ रिकामी सोडली आणि पुढे लिहिलं, इथली विहीर खारी. मग ते आत्याला म्हणाले, "आता पुढचं सांग. घाई नाही."